हवेची चाळीस घरं

"मावशी, मग ही खालीच राहिली का?"

भाचीने हवेच्या शेवटच्या घरावर फुली मारली होती आणि पेनाचं टोक अजून कागदावरच टेकलेलं होतं. ३० मीटरच्या ओळीत तिने दोन, चार आणि सहा असे तिन्ही आकडे चढत्या क्रमाने बसवले होते. ओळ भरली म्हणून ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा होती, आणि त्याच खेळीत हवा संपली. समुद्रात बुडी मारण्याचा एक खेळ मी गेले काही महिने रचते आहे. दोन फासे, पेनं आणि कागद, बाकी काही लागत नाही. तेव्हाच्या नियमांत या प्रसंगासाठी एकच ओळ होती, 'हवेची घरं संपली की डाव संपला.' ती मी तिला वाचून दाखवली. तिचं समाधान झालं नाही. कागदाच्या कोपऱ्यात तिने सुरुवातीलाच आपल्या पाणबुड्या मुलीचं चित्र काढून ठेवलं होतं, पाठीवर टाकी, पायांत लांब फिन आणि तोंडातून वर निघालेले बुडबुडे. त्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "डाव संपला ते कळलं. पण हिचं काय?"

हा प्रश्न मला चिकटून राहिला. सोंगट्यांच्या खेळात सोंगटी मारली जाते तेव्हा कुणी असं विचारत नाही. ती घरी जाते, हवं ते दान पडलं की पुन्हा निघते. मरण म्हणजे तिथे नुसता उशीर. बुद्धिबळात घोडा गेला की डाव कमकुवत झाल्याची हळहळ वाटते, घोड्याची वाटत नाही. मग चार रेघांच्या या मुलीची का वाटावी? मला वाटतं, कारण त्या फुल्यांमध्ये आहे. इथे खेळणारा प्रत्येक श्वास स्वतःच्या हाताने खोडतो. रिकाम्या घरात एक तिरपी रेघ येते, तिच्यावर दुसरी येते आणि ते घर कायमचं जातं. डाव रंगात आला की खेळणाऱ्यांचे स्वतःचेच श्वास संथ होतात, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे. इतक्या जवळून मोजलेली हवा संपते, तेव्हा पुढे काय होतं ते सांगणं नियमांना भाग आहे.

मी खेळाचा कागद पुन्हा समोर घेऊन बसले. त्यावर वरून खाली चार ओळी आहेत, १०, २०, ३० आणि ४० मीटरच्या. प्रत्येक ओळीत आकड्यांसाठी तीन रिकामी घरं. उजव्या कडेला हवेची टाकी, तिच्यात ४० घरं. दर खेळीला तुम्ही एक ओळ खाली जाता, एक ओळ वर येता किंवा आहात तिथेच थांबता, आणि पोचलेल्या खोलीइतकी हवा खोडता. १० मीटरवर दोन घरं, २० वर तीन, ३० वर चार, ४० वर पाच. हे आकडे मी ठरवलेले नाहीत. पृष्ठभागावर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो आणि समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. भोवतालच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा रेग्युलेटर तोंडात देतो, नाहीतर छाती फुलवताच आली नसती. म्हणजे ३० मीटरवरचा एक श्वास वरच्या चार श्वासांइतकी हवा घेऊन जातो. घेणाऱ्याला तो नेहमीच्या श्वासाएवढाच वाटतो, पण टाकीला तो चौपट पडतो. बॉइलने १६६२ मध्ये हवेचा दाब आणि आकारमान यांचा जो नियम मांडला, तो खेळाच्या नियमांत असा आयता येऊन बसला. खेळाचं गणित रचताना लोक महिनोन्‌महिने आकडे कमीजास्त करत बसतात. इथे समुद्राने ते आधीच करून ठेवलं होतं.

आणि पेनच हवं, पेन्सिल नको, यावर मी अडून बसते. पेन्सिल असली की खोडरबर येतो, खोडरबर आला की 'थांब, मी तिकडे नव्हते जाणार' येतं. घेतलेला श्वास परत टाकीत घालता येत नाही, मग फुली तरी का पुसता यावी?

फाशांचं मात्र मला खूप जड गेलं. नशिबाच्या हाती काय द्यायचं आणि माणसाच्या हाती काय ठेवायचं, हा फाशांच्या कुठल्याही खेळातला खरा प्रश्न. बुडीच्या खेळात तो जास्तच टोचतो, कारण समुद्रात उतरणारी माणसं नशिबाला जागाच उरू नये म्हणून झटत असतात. किती खोल, किती वेळ, किती हवा उरली की मागे फिरायचं, हे सगळं अंग ओलं होण्याआधी ठरलेलं असतं. बरंच चाचपडल्यावर जे सापडलं ते असं. दोन फासे टाकायचे. त्यातला एक तुम्ही घ्यायचा आणि त्याचा आकडा ओळीत लिहायचा. ओळीतला प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. जो फासा तुम्ही घेतला नाहीत तो समुद्राचा. समुद्राच्या फाशावर एक आला तर प्रवाह लागला, त्या खेळीची हवा दुप्पट. दुसरा काही आकडा आला तर पाणी शांत.

एवढंच. पण या एवढ्याने टेबलावर जे घडायला लागलं ते मी मुद्दाम घडवलेलं नव्हतं. दोन फाशांत निदान एक एक्का पडण्याची शक्यता ३६ पैकी ११, जवळजवळ तिसरा हिस्सा. ओळ कोरी असताना पडलेला एक्का आपल्याच कामाचा असतो. तो पहिल्या घरात लिहून टाकायचा, दुसरा फासा समुद्राला द्यायचा आणि पुढे निघायचं. पण ओळीत दोन आणि चार लिहून झालेत, एकच घर उरलंय, आणि फासे पडले एक आणि सहा. सहा हवाच आहे. सहा घेतला की एक्का समुद्राकडे जातो आणि ३० मीटरवर चारच्या जागी आठ घरं जातात. एक्का स्वतःकडे घेतला तर तो ओळीत बसत नाही, खेळी फुकट जाते आणि हवेची चार घरं जायची ती जातातच. म्हणजे ओळ सुरू करताना जो आकडा सोबती असतो, तोच ओळ संपवताना उलटतो. मिळालेलं जितकं जास्त, तितका धोका वाढत जातो. समुद्रात खोलवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. बुडीचा शेवटचा टप्पाच सगळ्यात मोहाचा असतो, कारण तोवर डोळे सरावलेले असतात, हात स्थिर झालेले असतात आणि पाहण्यासारखं काहीतरी नुकतंच सापडलेलं असतं.

रंगांचाही एक नियम आहे, गुणांशी त्याचा काही संबंध नाही. कागदावरची शीर्षकं खेळणाऱ्याने लाल पेनाने लिहायची, आणि १० मीटरची ओळ ओलांडली की लाल पेन बाजूला ठेवून द्यायचं. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी पिऊन टाकतं. पहिल्या काही मीटरांतच तो फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि खाली निळाई उरते. माझ्या मनगटावर एकदा लाल फीत होती. उतरताना मी तिच्याकडे बघत होते. ती आधी विटकरी झाली, मग मळकट तपकिरी, आणि नंतर तिला रंग असा उरलाच नाही. फीत तीच होती, बांधलेली गाठही तीच. मग शेजारच्याने तिच्यावर बॅटरीचा झोत टाकला आणि ती इतकी लालभडक झाली की मी दचकले. खोलवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळपट दिसतं. या गोष्टी फाशांत कशा आणायच्या ते मला सुचलं नाही, आणि आणू नयेत असंही वाटलं. लाल पेन खाली ठेवायची एक छोटी क्रिया पुरेशी आहे. ते ठेवताना 'टक्' असा आवाज येतो आणि टेबलावरची माणसं जरा सावरून बसतात.

४० मीटरच्या ओळीत डाव्या हाताने लिहायचं. डावखुऱ्यांनी उजव्या. साधारण ३० मीटरच्या पुढे दाबाखालचा नायट्रोजन डोक्यात भिनायला लागतो. कुणाला उगाच आनंद होतो, कुणाला भीती वाटते, आणि बहुतेकांना आपल्याला काहीच झालेलं नाही असं वाटतं. तीच त्या गुंगीतली सर्वांत वाईट गोष्ट. थोडं वर आलं की ती जशी आली तशी निघून जाते. डाव्या हाताने काढलेला पाच कधी तीनसारखा दिसतो, कधी चौकटीबाहेर जातो, आणि लिहिणारा म्हणतो, "मी नीटच लिहिलंय." वाचता न येणारा आकडा बाद, आणि वाचता येतो की नाही हे जोडीदाराने ठरवायचं.

खोली ४० मीटरवर का थांबवली, असं काहींनी विचारलं. छंद म्हणून टाकी लावून बुडी मारणाऱ्यांसाठी तीच सर्वमान्य मर्यादा आहे, हे एक उत्तर. पण सुरुवातीला मीही एक लांबलचक कागद केला होता. २०० मीटरवर सूर्यप्रकाशाचा पट्टा संपायचा, १,००० वर संधिप्रकाश संपायचा, आणि अगदी तळाशी मारियाना गर्तेची जवळपास ११ किलोमीटरची खोली. तो कागद दिसायला देखणा होता, पण खेळायला कोरडा. खोलीचे आकडे एकदा मोठे झाले की श्वास मोजता येत नाही. शरीर त्यातून निघून जातं आणि यंत्र उरतं. तरी त्या कागदासाठी केलेल्या वाचनातली एक गोष्ट माझ्याजवळ राहिली. २३ जानेवारी १९६० ला जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्त' या यानातून त्या गर्तेच्या तळाला पोचले. उतरायला जवळजवळ पाच तास लागले, वाटेत बाहेरच्या एका खिडकीला तडा गेला, तळाशी ते जेमतेम वीस मिनिटं थांबले. यान खाली नेण्यासाठी त्यात लोखंडाच्या छऱ्यांचं वजन भरलेलं होतं आणि ते विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेलं होतं. वर यायचं म्हणजे चुंबकांची वीज बंद करून छरे सोडून द्यायचे. यानातली वीज आपोआप गेली असती तरी हेच झालं असतं. चुंबक सुटले असते, वजन पडलं असतं आणि पेट्रोलने भरलेला हलका तरंगता भाग त्यांना वर घेऊन आला असता. खाली राहण्यासाठी सतत काहीतरी चालू असावं लागत होतं. वर येण्यासाठी काहीच लागत नव्हतं.

हे वाचलं त्या रात्री मी नियमांतली एक ओळ बदलली. वर येताना फासे टाकायचे नाहीत.

यावर खेळणाऱ्यांनी कुरकुर केली आणि ती मला समजते. फासे टाकायचे नाहीत म्हणजे उत्सुकता नाही. दर खेळीला एक ओळ वर यायचं, हवा खोडायची, पुन्हा एक ओळ. घाईने दोन ओळी यायला बंदी. मग पाण्याबाहेर येण्याआधी ५ मीटरवर थांबा, तोही तीन खेळ्यांचा, प्रत्येक खेळीला दोन घरं. तिथला दाब दीड वातावरणाचा, मी दीडचे दोन धरलेत. खरोखरच्या बुडीतही लोक तिथे साधारण तीन मिनिटं थांबतात. करण्यासारखं काही नसतं. दोराला एक हात, नजर घड्याळावर, वर होडीचा काळा तळ हलताना दिसतो. पाण्याचा पृष्ठभाग खालून बघताना चांदीचा पत्रा चुरगळून पसरल्यासारखा दिसतो. मला हा थांबा बुडीतल्या बाकी कशाहीपेक्षा आवडतो. कंटाळा येतो म्हणून तो काढून टाकावा, हे मला पटलं नाही. ज्या शरीराने तासभर दाबाखालचा नायट्रोजन मुरवून घेतलाय, त्याला तो सावकाश बाहेर टाकायला वेळ लागतो. घाई केली तर तो रक्तात आणि ऊतींत बुडबुडे होऊन निघतो. पुलांचे पाये खणायला दाबाच्या खोल्यांत उतरलेले मजूर एकोणिसाव्या शतकात या दुखण्याने वाकडे झाले, कित्येक मेले. टप्प्याटप्प्याने वर कसं यावं याची पहिली भरवशाची कोष्टकं जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये छापली. त्यासाठी त्यांनी दाबाच्या कोठीत बकऱ्या ठेवल्या होत्या. बकरी काही सांगू शकत नाही. पण सांधा दुखायला लागला की ती पुढचा एक पाय उचलून धरते. तो उचललेला पाय नोंदवत नोंदवत ती कोष्टकं तयार झाली. खेळात थांब्याच्या तीन खेळ्या नुसत्या फुल्या मारत काढाव्या लागतात, तेव्हा मला त्या बकऱ्या आठवतात आणि तिथे गंमत घालण्याची इच्छा होत नाही.

त्यातच भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं, पण अर्धंच. वर येणं नशिबावर नाही, ठीक. तरी हवा मात्र संपू शकते. ती संपली तर?

खऱ्या समुद्रात या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणजे जोडीदार. टाकी लावून उतरणाऱ्याकडे तोंडात एक आणि शिवाय छातीशी अडकवलेलं एक, असं श्वास घ्यायचं जास्तीचं साधन असतं, बहुतेकदा पिवळ्या रंगाचं, चटकन दिसावं म्हणून. ते स्वतःसाठी नसतं. समोरच्याची हवा संपली आणि त्याने हात गळ्यावर आडवा फिरवून खूण केली की त्याच्या हाती द्यायचं ते. खेळ तोवर एकट्याने खेळण्याचा होता. मी तो दोघांचा केला आणि एकट्याचा नियम काढूनच टाकला. आता दोघांचे कागद शेजारी शेजारी, आणि एकमेकांपासून एका ओळीपेक्षा जास्त दूर जायचं नाही. एकाची टाकी संपली की त्याच्या फुल्या दुसऱ्याच्या कागदावर पडायला लागतात, दर खेळीला दुप्पट, आणि दोघांनी तत्काळ वर निघायचं, नवा आकडा लिहायचा नाही. टाकीतली शेवटची १० घरं मी करड्या रंगाने भरली, ती राखीव. डावाअखेर तुमच्या राखीव घरांना फुली लागलेली असेल तर तुमचे गुण निम्मे. मात्र ती जोडीदारासाठी खर्च झाली असतील तर एकही गुण जात नाही.

राखीव घरं दहाच का, याचं कारण आधी एवढंच होतं की २०० बार दाबाने हवा भरलेली टाकी (बार हे दाबाचं एकक) घेऊन उतरलेला माणूस सर्वसाधारणपणे ५० बार शिल्लक ठेवून वर येतो, म्हणजे चौथा हिस्सा. नंतर मी हिशेब मांडून पाहिला. ३० मीटरवर हवा संपलीय. तिथून थांबा न घेता वर यायचं, तर २० मीटरला तीन आणि १० मीटरला दोन, एकूण पाच. दोघांसाठी दहा. बरोब्बर दहा! टेबलाशी एकटीच होते, तरी मी तो आकडा मोठ्याने म्हटला. खोल पाण्यात किंवा गुहेत उतरणारे लोक राखीव हवा मोजतात तीही याच पद्धतीने, आपल्या एकट्याला किती लागेल असं न म्हणता सगळ्यात वाईट जागी, सगळ्यात वाईट क्षणी दोघांना वर यायला किती लागेल, असं. गुहेत तर टाकीचे तीन भाग करतात, एक जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. गुहेत उतरणाऱ्यांचे नियम अपघातांची एकेक नोंद तपासून तयार झालेले आहेत. त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी आहे जे वर आलं नाही.

म्हणूनच उरलेल्या अर्ध्या उत्तराने मला छळलं. दोघांचीही हवा संपली तर नियमाने काय म्हणावं? माणसं समुद्रात राहून जातात, हे खरं आहे. खेळाने ते लपवलं तर पेनाचा, फुल्यांचा, पाच मीटरच्या थांब्याचा सगळा आग्रह पोकळ ठरतो. आणि दुसरीकडे ते बोट, त्या चित्रावर ठेवलेलं. एका मित्राचं म्हणणं होतं की 'मृत्यू' असं स्पष्ट लिही, भीतीशिवाय हा खेळ खेळ नाही. मला ते मान्य नाही. भीती फुल्यांतच आहे, शेवटच्या ओळीत लिहून ती वाढणार नाही. मी पुन्हा खऱ्या बुडीकडेच वळले. हवा संपलेला, जोडीदार नसलेला पाणबुड्याही तिथे बसून राहत नाही. तो वर निघतो, एकाच श्वासावर, आणि सतत उच्छ्वास सोडत, कारण वर येताना छातीतली हवा फुगत जाते. १० मीटरवर भरून घेतलेली छाती पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून धरला तर फुप्फुस फाटतं. ज्याच्याकडे हवा नाही त्याने हवा सोडत यायचं, ही पाण्याखालची सर्वांत अवघड शिस्त. अशा प्रकारे माणसं वाचलेली आहेत.

तेव्हा नियम असा झाला. दोघांची हवा संपली तर दोघंही आणीबाणीने वर येतात. येताना प्रत्येकाने एक लांब उच्छ्वास सोडायचा, खराच, ऐकू येईल असा, आणि तो चालू असेपर्यंत पेनाने खालून वरपर्यंत एक रेघ ओढायची. ती रेघ जिथून जाईल तिथले सगळे आकडे बाद. दोघंही पुढची बुडी खेळत नाहीत, बाकीच्यांना हवा मोजून देतात. खाली काय काय मिळालं होतं ते कागदावर रेघेखाली दिसत राहतं, पण मोजलं जात नाही. खोली पृष्ठभागावर आल्यावरच मोजायची, हे मग सगळ्याच खेळाला लागू केलं. वर येईपर्यंत कुणाच्याही नावावर एकही गुण नाही.

भाचीला हा नियम वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे वर येतात."

"येतात."

"नक्की?"

"या खेळात, हो." 'या खेळात' हे शब्द मी मुद्दाम ठेवले. तिने ते ऐकले, हे तिच्या गप्प होण्यावरून कळलं.

तिला सर्वांत आवडतो तो अंगठ्याचा नियम. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून डाव पाण्याखाली असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, फक्त खुणा. अंगठा आणि तर्जनी जोडून केलेलं कडं म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे छान नव्हे, वर चला. आणि कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने अंगठा दाखवला की बुडी तिथे संपली, दोघांनी वर यायचं, कारण विचारायचं नाही, वर आल्यावरही नाही. समुद्रावर हा संकेत पाळला जातो आणि मला तो माणसांनी केलेल्या अतिशय सुसंस्कृत संकेतांपैकी एक वाटतो. घाबरलेल्याला सिद्ध करावं लागत नाही की आपण घाबरलो आहोत. टेबलावर मी पाहिलंय, समोरच्याला फक्त एक आकडा हवा असतो, हवा भरपूर असते, आणि अशा वेळी लहान मुलगी अंगठा वर करते. समोरचा तिच्याकडे बघतो, ओठ घट्ट मिटतो आणि पेन वरच्या ओळीत नेतो. मोठ्या माणसांना हे सुरुवातीला जड जातं. जोडीचे गुण दोघांतल्या कमी गुणांएवढे, हा नियम आल्यापासून जरा सोपं गेलं असावं, कारण एकट्याने पुढे पळून काही मिळतच नाही.

४० मीटरची ओळ अजूनही मोह घालते. हिशेब असा की तिथे जाऊन, एक आकडा लिहून, थांब्यासकट परत यायला २९ घरं लागतात. वापरायला आहेत ३०. ओळ पूर्ण करायची तर आणखी दोन खेळ्या, म्हणजे दहा घरं, म्हणजे पूर्ण टाकीत एकच घर शिल्लक. समुद्राचा एकही एक्का पडला नाही तर. राखीव घरं गेली म्हणून गुण निम्मे होणार, हे माहीत असूनही काही जण जातात. मी त्यांना अडवत नाही.

आता रात्रीच्या बुडीचं काम चालू आहे. कल्पना भाचीची. एक फासा उघडा टाकायचा, दुसरा पेल्याखाली. दिसतो तो घ्यायचा की न दिसणारा, हे आधी ठरवायचं, मग पेला उचलायचा. न दिसणारा समुद्राला सोडला तर तो एक्का असण्याची शक्यता सहात एक, आणि उघडा फासा एक्का असेल तर तो समुद्राला देणं म्हणजे जाणूनबुजून प्रवाहात शिरणं. मला हे फार आवडलं. बॅटरीच्या झोतात जेवढं दिसतं तेवढंच जग असतं, आणि त्या झोतात लाल रंग पुन्हा लाल दिसतो, म्हणून रात्रीच्या कागदावर लाल पेन बाजूला ठेवायचं नाही, ही सुधारणाही तिचीच. आमचं अडलंय ते टाकीवर. तिचं म्हणणं, रात्री टाकीत ३६ घरंच ठेवू, कठीण होईल. माझं म्हणणं, टाकी रात्रीही तेवढीच मोठी असते, घरं चाळीसच राहू देत. अंधारात माणूस जास्त भराभर श्वास घेतो हे दाखवायचं तर पहिल्या खेळीला एक घर जास्त खोडायचं, आणि जोडीदाराने आपली बॅटरी त्याच्या कागदावर धरली की पुढच्या खेळीपासून ते माफ.